कर्णा वाजला तर काकांना कोण सांगणार

पत्रेवाले काका बहिरे कसे झाले ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

सतराव्या वर्षी ते टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात लागले. मोठ्या लोखंडी टाक्या, आत माणूस उभा राहील एवढ्या. त्यांचे पत्रे एकमेकांना रिव्हेट मारून जोडायचे. बाहेरचा माणूस घण घालायचा आणि आतला माणूस रिव्हेटचं डोकं जड लोखंडाने दाबून धरायचा. आत जायला बारीक माणूस लागतो. काका तेव्हा काडीसारखे होते, म्हणून त्यांची नेमणूक आत झाली. पुढे अंग भरलं, तरी नेमणूक बदलली नाही. एकवीस वर्षं ते टाकीच्या आत होते. कारखान्याने कानात घालायला कापूस दिला होता. कापूस चांगल्या प्रतीचा होता, असं काका आजही सांगतात.

अडतिसाव्या वर्षी त्यांना ऐकू येणं पूर्ण बंद झालं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की नसच मेली आहे, यंत्र लावून उपयोग नाही. नस मेली खरी, पण जाताना एक आवाज मागे ठेवून गेली. तेव्हापासून काकांच्या डोक्यात एक शिट्टी वाजते. बारीक, लांबलचक, किटलीतली वाफ अडल्यासारखी, न थांबणारी. झोपेत ती वाजत नाही असं त्यांचं म्हणणं आहे, पण ते तपासायला झोपेत जागं कोण असणार?

कारखाना सुटल्यावर त्यांनी गल्लीच्या कोपऱ्यावर पत्र्याच्या कामाचं दुकान टाकलं. हॉटेलांची धुराडी, छपरांच्या पन्हळी, नरसाळी, डबे, पेट्या. भिंतीवर कातरी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने टांगलेल्या, खाली पत्र्याच्या कुरळ्या कातरणीचा ढीग. दारातली एक फळी त्यांनी मुद्दाम सैल ठेवली होती. गिऱ्हाइकाने तिच्यावर पाय दिला की ऐरणीजवळ बसलेल्या काकांच्या तळपायाला कळायचं आणि ते मान वर करून म्हणायचे, "या!" हे "या" तीन दुकानं पलीकडे ऐकू जायचं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्यांच्या आवाजाला एकच माप होतं. काकांना कुजबुजता येत नाही. त्यांच्याशी कोणी गुपित बोललं, तर ते लगेच गुपित राहत नसे, कारण ते खात्री करून घ्यायला मोठ्याने पुन्हा म्हणत.

काकू शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं करायच्या. "अहो" म्हणून हाक मारायची सोयच नव्हती, म्हणून त्यांनी हाताची भाषा ठरवली होती. खांद्यावर एक थाप म्हणजे चहा. दोन थापा म्हणजे कोणीतरी आलंय. बाही ओढली म्हणजे आता पुरे, गप्प बसा. समोर असल्या की तीही गरज नसे. काका ओठ वाचायचे, आणि काकूंचे ओठ तर त्यांना पाठच होते.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आधी काकू आल्या. आमचा हॉल म्हणजे पूर्वीचं फर्निचरचं गोदाम, लाकडी जमिनीचं. त्याची पन्हळ गळायची आणि पाणी नेमकं वडीलजनांच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या, बाकावर पडायचं. काकूंनी नवऱ्याला आणलं. त्यांनी पन्हळ काढली, सांधा जोडला, परत बसवली. दुसऱ्या रविवारी पन्हळ तपासायला आले, तिसऱ्या रविवारी कारण नसताना आले, आणि मग येतच राहिले. बसायचे अगदी पहिल्या बाकावर, प्रवचन करणाऱ्या पाळकांच्या तोंडासमोर.

अडचण एकच होती. पाळकांना झुपकेदार मिशा होत्या आणि वरचा ओठ दिसत नव्हता. महिनाभराने काका उपासनेनंतर उभे राहिले आणि सर्वांसमोर म्हणाले, "पाळकसाहेब, मिशी कापा. अर्धं शास्त्र तिच्यात अडकतंय."

पाळकांनी या विषयावर तीन आठवडे प्रार्थना केली. चौथ्या रविवारी ते बिनमिशीचे आले. त्यांच्या बायकोने त्यांना बिनमिशीचं प्रथमच पाहिलं होतं, आणि तिचं मत तिने कोणालाही सांगितलं नाही.

मी या मंडळीची चिटणीस. आठवडाभर एका शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिते, रविवारी साक्षींची वही लिहिते. कोणाला प्रार्थनेने बरं वाटलं की तो पुढे येऊन सांगतो, मी क्रमांक घालून लिहून घेते. त्या वहीतलं सगळंच हवेतलं नाही, हेही इथेच सांगून टाकते. मंडळीतल्या नर्सबाईंच्या मुलीचा ताप औषधांना दाद देत नव्हता. तो प्रार्थना चालू असताना उतरला, आणि थर्मामीटर माझ्या हातात होतं. तसंच, वहीत सगळंच लोखंडासारखं पक्कंही नाही. मी दोन्ही लिहिते. अक्षर सारखंच असतं.

आमचे पाळक पूर्वी बस आगारात वेळापत्रकं लावायचे. शेवटच्या काळाची शिकवण हा त्यांचा हातखंडा विषय. त्यासाठी त्यांच्याकडे एक लांब पांढरं कापड होतं. एका टोकाला जगाची उत्पत्ती, दुसऱ्या टोकाला नवं आकाश आणि नवी पृथ्वी. मध्ये सात शिक्के, सात कर्णे, दुष्काळ, समुद्रातून वर येणारा पशू, हजार वर्षांचं राज्य. आपण आता कुठे आहोत ते दाखवायला कापडाला एक लाल चिमटा लावलेला असे, कपडे वाळत घालायचा. तो चिमटा दरवर्षी दोन-चार बोटं उजवीकडे सरकायचा. तारीख मात्र पाळक कधी सांगत नसत. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही असं शास्त्र म्हणतं, आणि पाळक शास्त्राबाहेर जाणारे नव्हते. ते फक्त "फार तर" म्हणत. फार तर तीन वर्षं. फार तर पुढचा उन्हाळा.

एका रविवारी ते शेवटच्या कर्ण्यापाशी आले. तो वाजेल, मेलेले उठतील आणि आपण पापणी लवते न लवते तोच पालटून जाऊ, असं त्यांनी समजावलं. उपासना संपल्यावर काका दिसेनात. शोधलं तर ते शिडी लावून हॉलच्या छपरावर चढलेले.

"कर्णा ठीक आहे!" ते लाउडस्पीकरच्या भोंग्यावर बोटं वाजवत वरून ओरडले. "अजून दहा वर्षं याला काही होत नाही!"

काकूंनी त्यांना खाली उतरवलं आणि घरी नेऊन शास्त्रातलं ते पान उघडून दिलं. आठवडाभर काकांनी ते पान वाचलं. पुढच्या रविवारी ते पहिल्या बाकावरून उभे राहिले.

"पाळकसाहेब, एक विचारायचंय."

"विचारा."

"कर्णा वाजेल तेव्हा मला कसं कळणार?"

मागे कोणीतरी हसलं. पाळक हसले नाहीत. "काका, तो देवाचा कर्णा. तो सगळ्यांना ऐकू जाईल."

काकांनी ओठ वाचले, मान डोलावली, पण खाली बसले नाहीत. "माझ्या डोक्यात अठरा वर्षं एक वाजतोच आहे. त्यातला खरा कोणता, ते कसं ओळखू?"

पाळकांनी कापडाकडे पाहिलं. कापडावर या प्रश्नाला जागा ठेवलेली नव्हती. त्या दिवशी त्यांनी कापड वेळेआधी गुंडाळलं.

बुधवारी वडीलजनांची बैठक झाली. विषय एकच होता. पहिली सूचना अशी आली की काकांच्या शेजारी कोणीतरी कायम बसावं आणि कर्णा वाजताच त्यांना हलवावं. काकू म्हणाल्या, "त्यात सूचना कसली? मी आहे ना. मी हलवीन."

"पण ते पापणी लवते न लवते तोच होणार," पाळक म्हणाले. "हलवायला वेळ मिळेलच असं नाही."

"माझा हात चपळ आहे."

"आणि तुम्ही आधी गेलात तर?"

काकू मग म्हणाल्या, "ती अडचण आहे खरी."

दुसरी सूचना अशी की कर्णा वाजण्याच्या आत काकांचे कान प्रार्थनेने बरे व्हावेत, म्हणजे प्रश्नच मिटला. ही एकमताने मंजूर झाली. मी वहीत नोंद केली.

त्यानंतर सलग अकरा रविवार काका पुढे जाऊन खुर्चीवर बसले आणि वडीलजनांनी आळीपाळीने त्यांच्या कानांवर हात ठेवले. कानांवर हात ठेवणे याचा आपल्या भाषेत अर्थ वेगळा होतो, म्हणून बैठकीच्या वृत्तांतात मला ते वाक्य दोनदा खोडावं लागलं. काका डोळे मिटून शांत बसायचे. सातव्या रविवारी त्यांनी वडीलजनांपैकी एकाला सांगितलं, "तुमचे हात गार असतात. पुढच्या वेळी आधी चोळून घ्या." याव्यतिरिक्त फरक काही दिसला नाही.

बाराव्या रविवारी पाहुणे सुवार्तिक आले. मोठे नावाजलेले, घामाघूम होऊन बोलणारे, पांढऱ्या बुटांचे. बरं करण्याच्या सभा घेत ते गावोगाव फिरायचे आणि त्यांचं एक मासिकही निघायचं. त्यांनी काकांना खुर्चीवर बसवलं, प्रेक्षकांकडे तोंड करून. मग स्वतः मागे गेले, मोठ्याने प्रार्थना केली आणि शेवटी जमिनीवरून उडी मारून काकांच्या डोक्यामागे जोरात टाळी वाजवली.

उडी खाली आली ती लाकडी जमिनीवर. काकांच्या तळपायाला कळलं. दुकानातल्या सवयीने त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "या!"

हॉल उसळला. "ऐकलं! ऐकलं!" माणसं रडायला लागली. वडीलजन काकांचे हात धरून हलवू लागले. एवढी माणसं आपल्याला का भेटताहेत ते काकांना कळेना. इतकी तोंडं एकाच वेळी हलत होती की एकही वाचता येईना. पाहुण्यांनी माइक त्यांच्या तोंडाशी धरला आणि काहीतरी विचारलं. माइकच्या मागे त्यांचे ओठ झाकलेले होते. काकांनी विचार केला, या मंडळीत आपण एकच उपयोगाचं काम केलंय. ते पन्हळीचं. आभार त्याचेच असणार.

"त्यात काय एवढं," ते संकोचून म्हणाले. "एक सांधा सुटला होता. जोडला. झालं."

"सांधा सुटला होता!" पाहुणे दोन्ही हात वर करून गरजले. "जोडला! झालं!"

मीसुद्धा रडले. साक्ष क्रमांक एकेचाळीस. त्या पानावर शाई जराशी फुटली आहे.

काकू तेव्हा मागे चहाच्या भांड्यापाशी होत्या. त्या धावत पुढे आल्या, पण गर्दीत पोचेपर्यंत पाहुण्यांचे फोटो काढून झाले होते.

घरी गेल्यावर काय झालं ते मला काकूंनी नंतर सांगितलं. काका ओट्यापाशी पाठमोरे बसून कांदा चिरत होते. काकू शेगडीजवळ होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मीठ द्या." काका कांदा चिरत राहिले. त्या जरा मोठ्याने म्हणाल्या, "मीठ." कांदा चालूच. मग काकूंना कळलं. त्यांनी त्या पाठीशी बोलायला सुरुवात केली. अठरा वर्षांत जे समोरून बोलता आलं नव्हतं ते सगळं बोलून घेतलं. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही. भाजी करपली, एवढंच सांगितलं.

जेवणं झाल्यावर त्या समोर बसल्या आणि ओठ नीट हलवत म्हणाल्या, "आज सगळ्यांना वाटलं, तुम्हाला ऐकू यायला लागलं."

"कोणाला?"

"तुम्हाला."

काकांनी हात धुतले, पुसले. "म्हणजे मी खोटी साक्ष दिली?"

"तुम्ही पन्हळीबद्दल बोलत होतात."

"पण लिहून घेतलं असेल ना?"

सोमवारी सकाळी ते माझ्या शाळेच्या ऑफिसात हजर. बाहेर पालकांची रांग होती. काका खिडकीत वाकून म्हणाले, "चिटणीसबाई, एकेचाळीस नंबर खोडा. मी बहिराच आहे!" रांगेतल्या सगळ्यांना कळलं. मी म्हटलं की पाहुण्यांनी ते मासिकासाठी नेलंय. काका म्हणाले, "मग त्यांनाही कळवा." मी कळवलं. उत्तर आलं नाही. पुढच्या अंकात काकांचा फोटो आला, खाली "सांधा जोडला" असं छापलेलं.

रविवारी काका उभे राहिले. "मला ऐकू येत नाही. मागच्या वेळी मी पन्हळीबद्दल बोललो. चुकलं. माफ करा." एवढं बोलून ते बसले.

एक वडीलजन उठले आणि म्हणाले की बरं झालं होतं, पण संशय घेतल्यामुळे गेलं असणार. असं पुष्कळदा होतं, विश्वास कमी पडतो. काकांनी ते वाचलं. चेहरा पडला त्यांचा. काकू चहाच्या भांड्यापासून पुढे आल्या.

"विश्वास कमी पडतो?" त्या म्हणाल्या. "अकरा रविवार हा माणूस तुमचे गार हात कानांवर घेऊन बसला. आणखी किती विश्वास हवा तुम्हाला?"

मग पाळक उठले. मला वाटलं, कापड उघडतील. त्यांनी उघडलं नाही. काका ओठ वाचतील अशा बेताने, सावकाश म्हणाले, "काका खरं बोलले. आम्ही मागितलं, मिळालं नाही. का, ते मला माहीत नाही. साक्ष क्रमांक एकेचाळीस रद्द."

त्या महिन्यात सहा जण आमची मंडळी सोडून दुसरीकडे गेले. गार हातांचे वडीलजन राहिले.

नंतर जे घडलं ते कोणी ठरवून केलं नाही. बेकरीच्या भट्टीवरचं धुराडं बदलायला काका शिडीवर चढले होते. बेकरीवाली खाली शिडी धरून उभी. काही महिन्यांपासून तिचे हात इतके थरथरायचे की तिला कणीक मळता येईना. डॉक्टरांना दोष काही सापडत नव्हता. वर पाठमोरा बहिरा माणूस, खाली आपण एकटी. ती बोलायला लागली. जे नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, ते तिने त्या पाठीला सांगितलं. काका खाली उतरले तेव्हा तिचं तोंड रडून सुजलेलं.

"भाजलं का?" काकांनी विचारलं.

"नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा," ती म्हणाली.

काकांनी हातातली पक्कड बाजूला ठेवली, डोळे मिटले आणि प्रार्थना केली. "देवा, या बाईंचं काय आहे ते तुला माहीत. मला नाही. बरं कर. आमेन." रस्त्यावरच्या लोकांनीही ऐकली.

तिसऱ्या दिवशी तिच्या हातांची थरथर थांबली. पाव घ्यायला आलेल्या प्रत्येकाला तिने पावाबरोबर हेही सांगितलं.

मग लोक दुकानात यायला लागले. सैल फळीवर पाय द्यायचे, काका म्हणायचे, "या!" लोक स्टुलावर बसायचे. आमच्या मंडळीचे, दुसऱ्या मंडळीचे, कुठल्याच मंडळीचे नसलेले. भिंतीला कान असतात, पण काकांना नाहीत, ही गोष्ट सगळ्यांच्या पथ्यावर पडली.

एक गोष्ट मात्र लोक विसरत होते, आणि ती काकूंच्या लक्षात आली. "तुम्ही त्यांचे ओठ वाचता," त्या म्हणाल्या.

"दिसतात. काय करू?"

"ते बोलायला लागले की डोळे मिटायचे. संपलं की ते गुडघ्याला हात लावतील. मी सांगीन त्यांना तसं."

तेव्हापासून काकांनी तो नियम कधी मोडला नाही. माणूस स्टुलावर बसला की डोळे मिटायचे. तो पाच मिनिटं बोलो की तासभर. गुडघ्याला हात लागला की प्रार्थना, नेहमी तीच, तेवढीच. ती अख्ख्या गल्लीला ऐकू जायची आणि तिच्यात काहीच नसायचं.

काही बरे झाले. एका ड्रायव्हरची पाठ सुधारली. शाळेतल्या एका बाईंना झोप लागायला लागली. काही झाले नाहीत. लिफ्ट दुरुस्त करणारा तरुण तीनदा आला आणि चौथ्या वेळी त्याची बायको एकटीच आली, काळे कपडे घालून. काकांनी तिच्यासाठीही डोळे मिटले. मी वही घेऊन गेले होते, नोंदी करायला. काकांनी मला हाकललं. "मला काय झालं होतं तेच ठाऊक नाही, तर बरं काय झालं ते कसं लिहिणार?" मी वही पिशवीत घातली.

पाळकांना हे आवडलं की नाही ते कळलं नाही. एका दुपारी त्यांना स्वतःलाच फळीवर उभं राहिलेलं मी पाहिलं. मी समोरच्या दुकानात चपलेला टाका घालून घेत होते. पाळक स्टुलावर बसले आणि पाऊण तास बोलले. काकांचे डोळे मिटलेले. मध्येच पाळकांनी खिशातून काहीतरी काढून हातात धरलं. लाल होतं. त्यानंतरच्या रविवारी कापड आलं, पण त्यावर चिमटा नव्हता. "आपण कुठे आहोत?" एकाने विचारलं. "मध्ये," पाळक म्हणाले. "फार तर" हे शब्द मी नंतर त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत.

कर्ण्याच्या प्रश्नाला सहा वर्षं झाली, तेव्हा काकूंना खोकला लागला. महिनाभर त्यांनी तो कोणाला दाखवला नाही. काकांना तर ऐकूच येत नव्हता. त्यांनी तो आधी पाहिला, खांदे हलताना, आणि स्वतः दवाखान्यात घेऊन गेले. फुप्फुसात गाठ होती, आणि उशीर झाला होता.

मंडळीने प्रार्थना केली. वडीलजनांनी हात चोळून घेतले, मग ठेवले. पाळकांनी तीन दिवस उपास केला. काका रोज दुकान बंद करून खाटेशी बसायचे आणि तीच प्रार्थना करायचे, फक्त "या बाईंचं" ऐवजी "हिचं". एकदा प्रार्थना झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "बेकरीवालीचे हात थांबले. मग हिचा खोकला का नाही?" त्यांचा आवाज तसाच, एकाच मापाचा. पलीकडच्या खाटांवरचे रुग्ण आमच्याकडे बघायला लागले. मी मान हलवली.

शेवटच्या आठवड्यात काकूंचा आवाज गेला. म्हणजे आम्हाला त्यांचं बोलणं कळेना. काकांना फरक पडला नाही. आता त्यांचं बोलणं समजणारा तो एकच माणूस उरला होता. त्या ओठ हलवायच्या आणि काका आम्हाला मोठ्याने सांगायचे, "पाणी मागतेय." "उशी म्हणतेय." "चिटणीसबाई, तुमच्या फ्रॉकचं बटण सुटलंय म्हणतेय."

एका सकाळी त्या बोलायला लागल्या आणि काकांनी सवयीने डोळे मिटले. काकूंनी त्यांची बाही ओढली. काकांनी डोळे उघडले.

"माझ्यासमोर डोळे मिटायचे नाहीत," त्या ओठांनी म्हणाल्या. काकांनी ते मोठ्याने पुन्हा म्हटलं, म्हणून आम्हाला कळलं. मग त्या पुढे बोलल्या आणि काका एकेक वाक्य वाचत गेले.

"पाळकांना विचारलं मी. मेलेले आधी उठतात." काका थांबले. पुढचे ओठ वाचले. "जिवंतांची पाळी नंतर. म्हणजे मला थोडा वेळ मिळेल. मी येईन आणि तुम्हाला हलवीन."

काकांनी पाळकांकडे पाहिलं. पाळक खाटेच्या पायथ्याशी उभे होते.

"असंच लिहिलंय?" काकांनी विचारलं.

"असंच," पाळक म्हणाले. "मेलेले आधी."

काकांनी काकूंच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "मग ठीक आहे."

काकू दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या. दफनभूमीतून परत येताना काका सगळ्यांच्या मागे राहिले, घड्याळ बघत चालत होते. दुकानापाशी पोचल्यावर म्हणाले, "एकोणीस मिनिटं. तिच्या गुडघ्यांनी पंचवीस." पाळकांनी त्यांना समजावलं की उठवलेल्या शरीराला गुडघेदुखी नसते. काकांनी तरीही वर्षभरात दफनभूमीच्या बाजूच्या रस्त्यावर दुकान हलवलं. भाड्याची मुदत संपली असं कारण सांगितलं. जागामालकाने मला नंतर सांगितलं, तसं काही नव्हतं.

पहिले काही महिने त्यांचे हाल झाले. चहा विसरायचे, कारण खांद्यावर थाप नव्हती. बाही ओढायला कोणी नाही, म्हणून उपासनेत बोलायला लागले की थांबेनात. शेवटी बेकरीवालीने पहिल्या बाकावर त्यांच्या शेजारी बसायला सुरुवात केली आणि वेळेवर बाही ओढायला लागली. काकांची मुलगी परगावी असते. ती न्यायला आली होती. काका चार दिवस जाऊन आले आणि म्हणाले, तिथल्या फरशीतून काहीच कळत नाही.

आता काका सत्तर वर्षांचे आहेत. धुराड्यांचं काम सोडलं, डबे आणि नरसाळी करतात. पाळक निवृत्त झाले. नवे पाळक तरुण आहेत, दाढी ठेवतात, आणि काकांनी त्यांना अजून काही म्हटलेलं नाही. लोक काकांकडे अजून येतात. सैल फळी नव्या दुकानातही आहे.

एवढ्या वर्षांत मी स्वतः कधी त्या स्टुलावर बसले नव्हते. चिटणीस म्हणून बरं दिसत नाही असं मला वाटायचं. गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर गेले. लिहून लिहून माझा उजवा अंगठा दुखतो, त्यासाठी जातेय असं मनाशी ठरवून गेले होते. फळीवर पाय दिला. "या!" काकांनी मला पाहिलं, कातर खाली ठेवली आणि विचारलं, "वही आणलीय का?"

मी रिकामे हात दाखवले. त्यांनी डोळे मिटले.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. अर्धा तास लागला. बाहेर कोणीतरी सायकल लावली, काढली, गेलं. माझं बोलून झालं तेव्हा मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला आणि त्यांनी नेहमीची प्रार्थना केली, नेहमीच्या आवाजात. मग डोळे उघडून मला थोडं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "चहा घ्या. आज दूध आहे."

घरी येऊन मी सलग नऊ तास झोपले. असं मला कॉलेजात असल्यापासून झालं नव्हतं.

अंगठा अजून दुखतो. तो सांगायचा राहिलाच.